पीथमपूरची राख आणि आपलं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या जानेवारीत युनियन कार्बाइडचा कचरा बारा कंटेनरांत भरून भोपाळहून इंदूरजवळच्या पीथमपूरला जाळायला आला आणि इंदूरच्या प्रत्येक मराठी घरात कोणी ना कोणी रसायनशास्त्राचा विद्यार्थी झाला. जूनअखेर तो कचरा जळून संपला. धुराची चर्चा थांबली आणि राखेची सुरू झाली. मी राख, गाळ आणि मातीचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. त्यामुळे लोकमान्य नगरपासून राऊपर्यंतच्या ओळखीच्या मंडळींचे प्रश्न माझ्याकडे येत असतात. जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. हवा तो प्रश्न आधी वाचा, पण वेळ कमी असेल तरी पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली आहे याचं माप) आणि टीसीएलपी (राखेतून किती धातू पाण्यात उतरतात ते बघणारी चाचणी) यांचे प्रश्न सोडू नका. बाकीचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

अग्नी सगळं शुद्ध करतो म्हणतात. मग राखेत विष उरतंच कसं?

कीटकनाशकं, प्लास्टिक, औषधं यांच्यापुरतं ते बरंच खरं आहे. ही कार्बनची संयुगं आहेत आणि पुरेशा आचेवर पुरेसा वेळ राहिली की तुटतात. घातक कचऱ्याच्या भट्टीत दुसऱ्या कक्षाचं तापमान ११०० अंश सेल्सिअस ठेवायचं आणि वायू तिथे किमान २ सेकंद राहिला पाहिजे, हा नियम त्यासाठीच आहे.

शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम मात्र मूलद्रव्यं. ती जळत नाहीत, फक्त जागा बदलतात. पारा आणि कॅडमियम वाफ होऊन धुराबरोबर वर जातात. धूर निवला की कॅडमियम बारीक कणांवर बसतं आणि पारा पकडायला वेगळा कोळसा फवारावा लागतो. लोखंड, तांबं आणि बरंचसं क्रोमियम खालीच राहतं. भट्टीत गेलेलं शिसं ग्रॅमभरही कमी होत नाही. उलट माल आटल्यामुळे तेवढंच शिसं थोड्या जागेत गोळा होतं.

डायऑक्सिनचं, म्हणजे क्लोरीन असलेला कचरा जळताना बनणाऱ्या अतिविषारी संयुगांचं, प्रकरण आणखी निराळं आहे. ते ज्वाळेत तुटतं, पण धूर थंड होताना साधारण २५० ते ४०० अंशांच्या टप्प्यात, धुरातल्या कणांवरच्या तांब्याच्या मदतीने पुन्हा तयार होतं. म्हणून चांगल्या भट्टीत धूर हा टप्पा झटक्यात ओलांडेल अशा बेताने थंड करतात.

राख एकच असते की दोन प्रकारची?

किमान दोन, आणि दोघींचा स्वभाव अगदी वेगळा.

जाळीवरून किंवा फिरत्या भट्टीच्या तोंडातून खाली पडते ती तळराख. शहरी कचरा जाळला तर त्याच्या वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के. तिच्यात काचेचे तुकडे, खडे, खिळे, बाटल्यांची झाकणं सहज ओळखू येतात. दुसरी उडती राख. ती बॉयलर आणि बॅग फिल्टरमध्ये अडकते आणि धूर धुण्यासाठी फवारलेला चुना व सक्रिय कोळसा तिच्यातच मिसळलेला असतो. ती कचऱ्याच्या वजनाच्या २ ते ५ टक्केच भरते, पण कॅडमियम, शिसं, जस्त, डायऑक्सिन आणि ढीगभर क्लोराइड तिच्याच पोटात असतं. दिसायला फिकट करडी, हाताला मैद्यासारखी. हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

या दोघींना एकत्र करणं ही या धंद्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट सवय. एकत्र केली की उडत्या राखेचे आकडे सरासरीत बुडून जातात आणि बऱ्यापैकी निरुपद्रवी तळराखही नासते. एखाद्या प्रकल्पाबद्दल एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर मी हाच विचारेन: दोन्ही राखा वेगळ्या गोळा होतात का?

३३७ टन कचरा जाळला आणि राख ८०० टनांच्या वर कशी गेली?

हा प्रश्न बहुतेक जण संशयाने विचारतात, पण यात लपवाछपवी नाही. त्या ३३७ टनांपैकी १६२ टन तर कारखान्याच्या आवारातून उकरलेली माती होती. माती जळत नाही, भाजून निघते. शिवाय धुरातलं आम्ल मारायला चुना लागतो, पारा आणि इतर धातू धरून ठेवायला आणखी रसायनं लागतात, आणि ते सगळं शेवटी राखेतच जमा होतं. शहरी कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग जळण्याजोगा असतो म्हणून तिथे वजन घटतं. इथे जळण्याजोगा भाग कमी आणि मसाला जास्त.

राख वाढली म्हणून विष वाढलं असं होत नाही. मात्र पुरायला जागा जास्त लागते आणि ती नीट ठेवायची जबाबदारीही तेवढीच वाढते. ती राख कुठे पुरायची हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि वस्तीपासूनचं अंतर हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

आपल्या इंदूरचा रोजचा कचरा जाळतात का?

नाही. घरोघरचा ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. रोज ५५० टन क्षमतेचा हा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. कचरा जाळून वीज करणारा मध्य प्रदेशातला जुना प्रकल्प जबलपूरला, कठौंदा इथे आहे. आपल्या भागात राख येते ती घातक औद्योगिक कचऱ्याच्या भट्टीतून आणि दवाखान्यांच्या कचऱ्याच्या भट्ट्यांमधून. प्रमाण कमी, पण जात कडक.

राखेतून विष पाण्यात उतरतं म्हणजे नेमकं काय होतं?

इथे जरा वेळ काढा.

ताज्या राखेत मोकळा चुना भरपूर असतो. पाणी पडलं की त्याचा पीएच १२ च्या आसपास जातो. आता शिशाचा स्वभाव बघा. ते आम्लात विरघळतं आणि कडक अल्कलीतही विरघळतं. साधारण ९ ते १० च्या पट्ट्यात ते सर्वांत कमी विरघळतं. जस्ताचंही तेच. म्हणजे पीएच १२ च्या ताज्या राखेतून शिसं जोरात उतरतं, तोच पीएच ९.५ वर आणला की शिसं जवळजवळ गप्प बसतं, आणि पुढे कधी आम्ल मिळून तो ५ वर गेला की पुन्हा सुटतं. राखेत शिसं तेवढंच, पण पाण्यात किती आलं याचे आकडे शंभर-शंभर पटींनी बदलू शकतात.

कॅडमियम या शर्यतीत नाही. पीएच चढेल तसं ते कमी कमी होत जातं. अँटिमनी, मॉलिब्डेनम, आर्सेनिक आणि सहा-संयुजी क्रोमियम पाण्यात ऋणभारित रूपात फिरतात, त्यांना वरचा नियम लागूच होत नाही. आणि क्लोराइडला तर कुठलंच कुलूप नाही. मीठ आहे ते, पाणी दिसलं की निघालं.

म्हणूनच ‘राखेवर प्रक्रिया केली’ या वाक्याला एकट्याने फारसा अर्थ नाही. कोणत्या धातूसाठी, कोणत्या पीएचला आणि पुढे तो पीएच कोण सांभाळणार, हे सांगितलं तर ते वाक्य पुरं होतं. बहुतेक अहवालांत पहिल्या दोहोंची उत्तरं असतात, तिसऱ्याचं मी क्वचितच पाहिलं आहे.

राख नुसती उघड्यावर ठेवली तर आपोआप सुधारते हे खरं का?

तळराखेपुरतं बरंच खरं. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोकळ्या चुन्याशी मिळून त्याचा चुनखडक बनवतो आणि पीएच १२ वरून हळूहळू साडेआठ-नऊपर्यंत उतरतो. शिसं, जस्त शांत होतात. नवे खनिज तयार होताना काही धातू त्यांच्यात अडकतात. युरोपात तळराख दोन-तीन महिने अशी मुरवत ठेवतात, मग चुंबकाने लोखंड आणि एडी करंट यंत्राने ॲल्युमिनियम, तांबं वेचून घेतात.

माळव्यात हे करताना दोन गोष्टी आडव्या येतात. या अभिक्रियेला ओल लागते. एप्रिल-मेच्या उन्हात ढीग खडखडीत कोरडा झाला की चुना आहे तिथेच राहतो. तेव्हा पाणी शिंपडत राहावं लागतं. आणि जुलैत उलट: धो धो पावसात ढिगाऱ्याच्या बुडातून वाहणारं पाणी पीएच १२ चं असतं. म्हणून छप्पर हवं, खाली पक्की फरशी हवी आणि नाली टाकीत उतरलेली हवी. उघड्या मैदानावर ‘नैसर्गिकरीत्या’ ठेवलेली राख म्हणजे प्रक्रिया नव्हे, दुर्लक्ष.

शिवाय मुरवण्याने सगळंच सुधारत नाही. अँटिमनी तर पीएच उतरताना जास्त सुटू शकतो, कारण त्याला धरून ठेवणारी कॅल्शियमची खनिजं मोडतात. उडत्या राखेला नुसतं मुरवणं पुरत नाही.

सिमेंटमध्ये घट्ट बांधली की झालं ना काम?

आपल्याकडे सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत हीच. राख, सिमेंट, चुना, कधी औष्णिक केंद्राची राख, कधी बेंटोनाइट किंवा सोडियम सिलिकेट मिसळून चिखल करायचा आणि लँडफिलच्या, म्हणजे कचरा पुरायच्या, खड्ड्यात जमू द्यायचा. दोन फायदे होतात. एक, पीएच सिमेंटच्या तब्येतीवर टिकून राहतो. दोन, ढेकूळ घट्ट झाल्याने पाण्याला आत शिरायला वाट कमी मिळते.

पण उडत्या राखेशी सिमेंटचं फारसं जमत नाही. जस्त आणि शिसं सिमेंटचं जमणं लांबवतात. सल्फेट नंतर फुगतं. क्लोराइड धरलंच जात नाही. आमच्याकडे तपासणीला आलेला एक क्यूब मला आठवतो. बाहेरून सुरेख, कडा शाबूत, हातोडीने वाजवला तर टणक आवाज. पाण्यातून काढून टेबलावर ठेवला आणि पुढच्या एक-दोन दिवसांत त्याला चहूबाजूंनी लोणा फुटला. पावसाळ्यानंतर जुन्या वाड्याच्या भिंतीला फुटतो तसाच, पांढरा, बोटाने खरवडला तर गळून पडणारा. तो लोणा म्हणजे आतलं मीठ बाहेर आलेलं होतं, आणि मीठ ज्या वाटांनी बाहेर आलं त्याच वाटा आता पाण्याला आत जायला मोकळ्या होत्या. ताकदीची चाचणी त्या क्यूबने आरामात पार केली असती.

तळराखेत आणखी एक खोडी असते. तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यांना चुन्याचं पाणी लागलं की हायड्रोजन सुटतो. मिश्रण फुगतं, बुडबुडे येतात, जमल्यावर तडे दिसतात. बंद जागेत हा वायू साठला तर भडकाही उडू शकतो. ॲल्युमिनियम आधी वेचून घेतलं किंवा राख आधी मुरवली तर हे टळतं, पण घाईत दोन्ही वगळलं जातं.

मग धुऊन का घेत नाहीत?

घेतात, आणि माझ्या मते उडत्या राखेसाठी ही पहिली पायरी असायला हवी. साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुतली तरी बहुतेक क्लोराइड निघून जातं. मग सिमेंटही नीट जमतं आणि पुढच्या रसायनांचा खर्चही घटतो. स्वित्झर्लंडमध्ये पुढे जाऊन आम्लाने धुतात आणि निघालेल्या पाण्यातून जस्त परत मिळवतात. नॉर्वेत लांगोया बेटावर ही राख टाकाऊ गंधकाम्लात मिसळून तिचा जिप्सम करतात, म्हणजे एका कचऱ्याने दुसरा मारला.

अडचण धुण्यात नाही, धुण्याच्या पाण्यात आहे. खारट, अल्कली, शिसंयुक्त पाणी मग कुठे टाकायचं? समुद्रकाठच्या देशांना शुद्ध केलेलं खारट पाणी समुद्रात सोडता येतं. आपण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, खाली खडक आणि त्यात भूजल. इथे ते पाणी आटवून मीठच वेगळं काढावं लागेल, आणि आटवण्याचा खर्च कोणी देत नाही. म्हणून धुणं सोडून थेट सिमेंटवर उडी मारली जाते.

फॉस्फेट, सल्फाइड वगैरे रसायनांचं काय?

ही धातूला नेमकं हेरून पकडतात. विरघळणारं फॉस्फेट घातलं तर शिशाचं असं खनिज बनतं जे बऱ्याच मोठ्या पीएच पट्ट्यात जवळजवळ विरघळत नाही. मला ही पद्धत शिशापुरती सर्वांत भरवशाची वाटते. सोडियम सल्फाइड पारा आणि कॅडमियम धरतं, कारण त्यांची सल्फाइडं पाण्यात नावापुरतीच विरघळतात. मात्र सल्फाइड हाताळताना आम्ल जवळ नको, नाहीतर विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. फेरस सल्फेट दोन कामं करतं: सहा-संयुजी क्रोमियमला कमी घातक त्रि-संयुजी रूपात आणतं आणि त्याच्यापासून बनलेली लोहाची ऑक्साइडं आर्सेनिकसारख्यांना चिकटवून ठेवतात.

जपान-चीनमध्ये धातूला पंजात धरणारी सेंद्रिय चेलेटिंग रसायनं फार वापरतात. प्रयोगशाळेत निकाल झकास येतो. पण सेंद्रिय पदार्थ कायमचा टिकत नाही, आणि धातू टिकतो.

क्लोराइडवर यांपैकी एकाचाही इलाज नाही.

वितळवून काच करता येते म्हणे?

येते. १३०० अंशांच्या वर तापवून काचेसारखा खडा बनवतात, डायऑक्सिनही मोडतं. जपानने हे खूप केलं. वीज इतकी लागते की आपल्याकडे सध्या बोलण्यापुरतं ठीक.

‘टीसीएलपी पास’ म्हणजे राख सुरक्षित का?

नाही. याचं उत्तर एका शब्दात देता येतं, पण कारण समजून घ्या.

चाचणी अशी: १०० ग्रॅम राख, साडेनऊ मिलिमीटरपेक्षा बारीक केलेली, २ लिटर पातळ ॲसेटिक आम्लात घालायची. बाटली उलटीसुलटी फिरवणाऱ्या यंत्रावर लावायची, मिनिटाला ३० फेरे, १८ तास. मग गाळून त्या पाण्यातले धातू मोजायचे. आपल्या २०१६ च्या घातक कचरा नियमांतल्या मर्यादा अशा आहेत: शिसं आणि आर्सेनिक लिटरला ५ मिलिग्रॅम, कॅडमियम १, पारा ०.२. त्याच्या आत असेल तर पास.

आता या आकड्यांशेजारी पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ठेवा. शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे चाचणीतल्या पाण्यात शिसं ४.९ आलं तरी राख पास, आणि ते पाणी पिण्याच्या मर्यादेच्या ४९० पट. यात फसवणूक नाही. जमिनीत उतरताना पाणी पातळ होईल असं गृहीत धरून या मर्यादा ठरल्या आहेत. पण ‘पास’ शब्द ऐकून कोणी निर्धास्त होऊ नये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. राखेत चुना-सिमेंट भरपूर घातलं तर बाटलीतलं आम्ल त्यात मरून जातं आणि १८ तासांनंतर पीएच नऊ-दहाच्या आसपास थांबतो. शिसं सर्वांत कमी विरघळण्याची नेमकी तीच जागा! चाचणी पास होते ती शिसं बांधलं गेलं म्हणून नव्हे, तर त्या दिवशी पीएच सोयीच्या ठिकाणी थांबला म्हणून. शिवाय सिमेंट घातल्यावर १०० ग्रॅम नमुन्यात मूळ राख कमी झालेली असते, तो फायदा वेगळाच. म्हणून अहवालात शेवटचा पीएच छापलेला आहे का ते आधी बघा. तो नसेल तर आकडे निम्मेच समजले.

तिसरं. ही चाचणी मुळात सडत्या शहरी कचऱ्यासोबत पुरलेल्या मालासाठी बेतलेली आहे, ॲसेटिक आम्ल त्यासाठीच. नुसती राख वेगळ्या खड्ड्यात पुरली तर तिला सडण्याचं आम्ल नाही, पावसाचं पाणी मिळतं. तिथे साध्या पाण्याची २४ तासांची युरोपीय चाचणी जास्त खरं सांगते, आणि वेगवेगळ्या पीएचला केलेली चाचणी सर्वांत जास्त. दोन्ही खर्चिक नाहीत. कोणी मागितल्या तर होतील.

खाली जाड प्लास्टिकची चादर असते ना? मग एवढी प्रक्रिया कशाला?

चादर असते, १.५ मिलिमीटर जाडीची एचडीपीई, आणि तिच्याखाली दाबलेल्या चिकणमातीचा थर, ज्यातून पाणी सेकंदाला १० चा उणे ७ वा घात सेंटिमीटर, म्हणजे नगण्य वेगाने जातं. घातक कचऱ्यासाठी असे दोन संच, मध्ये गळती दाखवणारा थर. कागदावर उत्तम.

प्रत्यक्षात चादर सांधताना भोकं राहतात, कारण ती माणसं उन्हात उभी राहून सांधतात. ताजी राख खड्ड्यात पाण्याशी अभिक्रिया करून तापते, काही ठिकाणी थराच्या आत ८० अंशांच्या पुढे नोंद झाली आहे, आणि उष्णता प्लास्टिकचं आयुष्य खाते. राखेतलं कॅल्शियम नळ्यांत चुनखडक होऊन बसतं आणि लीचेट, म्हणजे राखेतून झिरपलेलं पाणी, उपसणारी व्यवस्था तुंबते. मग पाणी चादरीवर साठून दाब वाढतो.

त्यात आपली जमीन. काळी माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्याखाली डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट, ज्यात पाणी मातीतून सावकाश गाळून जात नाही, फटीतून धावतं. कुठे सलग खडक पाणी पूर्ण अडवतो, तर पन्नास मीटर पलीकडे भेगाळलेला थर ते दूर नेतो. गळती झाली तर ती कुठे निघेल याचा अंदाज बांधणं इथे कठीण असतं.

चादर हे दुसरं कुलूप आहे. पहिलं कुलूप राखेतच लागलं पाहिजे, कारण चादरीचं वय दशकांत मोजतात आणि शिशाला वयच नसतं.

आमच्या बोरिंगचं पाणी तपासून घ्यायचं आहे. धातूंची चाचणी करू का?

आधी स्वस्त चाचण्या करा. राखेच्या पाण्याचा पहिला निरोप्या क्लोराइड असतो. तो मातीला चिकटत नाही, पाण्याच्या वेगाने पुढे जातो. जड धातू मागाहून, कित्येक वर्षांनी येतात. म्हणून दर सहा महिन्यांनी क्लोराइड, विद्युत वाहकता आणि पीएच नोंदवत राहा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. क्लोराइडची पिण्यायोग्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. पण मर्यादेपेक्षा चढता कल जास्त बोलका. १०० वरून २०० झालं तर अजून ‘पास’ आहे आणि तरीही काहीतरी घडतंय. अर्थात सांडपाणी, खतं यांनीही क्लोराइड वाढतं, तेव्हा लगेच बोट दाखवू नका. कल स्पष्ट दिसला की मग शिसं, कॅडमियम, पारा यांवर पैसे घाला.

सुदामा नगर किंवा राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी पीथमपूरच्या राखेसाठी बोरिंग तपासायची गरज नाही. एवढ्या अंतरावर तुमच्या पाण्याची दुखणी दुसरी आहेत. पीथमपूरच्या लगतच्या गावांसाठी मात्र हे खरंच महत्त्वाचं आहे.

डायऑक्सिन पाण्यात उतरतं का?

फारच कमी. ते कणांना चिकटून राहतं. त्याचा धोका धुळीतून: उडालेली राख, चारा, जनावर, दूध. म्हणून डायऑक्सिनसाठी पाण्याच्या चाचणीपेक्षा राख झाकलेली आणि ओलसर आहे का, हे बघणं जास्त उपयोगाचं.

या राखेच्या विटा किंवा रस्ता करता येईल का? औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा तर मिळतातच.

कोळशाची राख वेगळी. तिच्यात क्लोराइड नगण्य आणि कोळसा एका जातीचा असतो. कचऱ्याच्या तळराखेचा रस्त्याच्या खालच्या थरात वापर डेन्मार्कमध्ये होतो, पण मुरवून, धातू वेचून आणि वर पाणी न झिरपणारा थर घालून. उडती राख किंवा घातक कचऱ्याची राख विटेत घालू असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. वीट कधीतरी फुटते, तिचा भुगा होतो, आणि त्या भुग्याची जबाबदारी कोणाकडेच नसते.

माहिती अधिकारात नेमकं काय मागावं?

‘राखेची विल्हेवाट सुरक्षित आहे का’ असं विचारलंत तर ‘होय’ एवढंच उत्तर येईल. कागद मागा. तळराख आणि उडत्या राखेचे वेगवेगळे चाचणी अहवाल, शेवटच्या पीएचसह. प्रक्रियेआधीचे आणि नंतरचे, दोन्ही. मिश्रणात किती टक्के राख आणि किती टक्के सिमेंट. तळराखेचं ज्वलन-घट मूल्य, म्हणजे राख पुन्हा तापवली की वजन किती घटतं ते. जळणं पूर्ण झालं की नाही ते यावरून कळतं, शहरी कचऱ्याच्या नियमांत ते ५ टक्क्यांच्या आत हवं. खड्ड्याच्या दोन चादरींमधल्या गळतीथरात दर महिन्याला किती पाणी सापडलं, ही नोंद तर हमखास मागा. ती कोणी मागत नाही म्हणून ती कोणी सजवूनही ठेवत नाही. आणि निरीक्षण विहिरींचे आकडे, सुविधा सुरू होण्याआधीच्या आकड्यांसकट. आधीचे नसतील तर नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?

म्हणजे जाळणंच बंद करावं का?

कीटकनाशकांचा कचरा गोदामात तसाच पडू देणं हा पर्याय भोपाळने चाळीस वर्षं पाहिला. मी जाळण्याच्या विरोधात नाही. माझा आक्षेप पैशांच्या वाटणीला आहे. सगळा खर्च भट्टी आणि धुरावर होतो, कारण धूर दिसतो. राखेवर उरलंसुरलं खर्च होतं. धुराचा प्रश्न भट्टी बंद केल्या दिवशी संपतो, राखेचा त्या दिवशी सुरू होतो. प्रक्रिया आणि पुढच्या काही दशकांच्या देखरेखीचा पैसा जाळण्याच्या दरातच धरून वेगळा ठेवावा, एवढंच मागणं आहे. शहरी कचऱ्यात तर इंदूरने दाखवलंच आहे की वेगळा केला तर जाळायला फार उरत नाही.

रस्त्यावर राखेच्या गाडीतून धूळ उडताना दिसली तर काय करावं?

गाडीच्या मागे मागे जाऊ नका. गाडीचा नंबर, वेळ आणि जागा नोंदवा, जमल्यास फोटो काढा. सांडलेली राख झाडूने लोटू नका, कोरडी राख लोटली की तीच श्वासात जाते. मुलांना आणि जनावरांना बाजूला ठेवा. पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, त्याने राख नालीत जाते. ओलं गोणपाट किंवा ताडपत्री टाकून झाका. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा आणि सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. तक्रार बंद करायला फोन आला तर नमुना घेतला का आणि उचललेली राख कुठे नेली, हे विचारल्याशिवाय ‘समाधान झालं’ म्हणू नका.